खरं

वडगावात आमच्या दोन खोल्या.
एकीत माग, एकीत मी.
मधली भिंत साडेचार इंची;
माग सुरू झाला की टेबलावरचा चहा
कपातल्या कपात गोल फिरतो.

"मॅल, तुझ्याकडून तो आवाज कसला येतोय? म्यूट कर."

मॅल म्हणजे मी.
मलप्रभा. कणकुंबीला आईचं माहेर,
नदी तिथं उगवते, म्हणून नाव नदीचं.
ऋत्विजसरांनी पहिल्याच दिवशी अर्ध्यावर तोडलं,
क्लायंटला लांब नावं झेपत नाहीत म्हणाले.
सर गुरगावात असतात की दुबईत, मी कधी विचारलं नाही.
मी कामाला कुणाच्या दारात गेलोच नाही.

(गेलो. आमच्याकडं बाईमाणूसही गेलोच म्हणतं.
मीटिंगमध्ये तेवढं जपतो:
तिथं मी गेले, केले, पाठवले, सॉरी.)

सकाळी साडेनऊला सगळे चौकोनांत.
काल काय केलं, आज काय करणार,
आणि कशात अडकलात?
तिसऱ्या प्रश्नाला कुणी उत्तर देत नाही.
एकदा फ्लावियानं दिलं होतं.

नावाशेजारी हिरवा ठिपका.
पाच मिनिटं हात थांबला की पिवळा.
पिवळ्याचा हिशेब महिनाअखेरीस,
एका तक्त्यात, सगळ्यांच्या देखत.
म्हणून जेवायला उठताना
मी माऊस नेऊन मागाच्या चौकटीवर ठेवतो.
धोटा धावतो, चौकट हादरते,
आणि तिकडं गुरगावात मी काम करत असतो.
आप्पांनी चार दिवस बघितलं, मग म्हणाले,
"अर्धा पगार मागाला दे की मग."

फ्लाविया खानापूरची.
वडलांचं बायपास, तीन दिवस मागितले.
"घे गं, आपण फॅमिली आहोत.
फक्त लॅपटॉप जवळ असू दे."
हृदयाची काळजी घेणाऱ्या तेलाच्या चौदा ओळी
तिनं ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर लिहिल्या.
अकरावी जरा थंड वाटते, असं सरांनी कळवलं.
तेव्हा ती म्हणाली, कशात अडकलेय ते.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर एक ओळ:
फ्लाविया नव्या वाटेवर निघाली आहे, शुभेच्छा.
त्याखाली अंगठे उगवले. सत्तावीस.
अठ्ठाविसावा माझा.

संध्याकाळी मला काम आलं.
'आमच्याकडे माणूस आधी', दीडशे शब्द,
सोबत सगळ्यांचा हसरा फोटो.
फोटो एकच होता, चोर्ल्याच्या रिसॉर्टातला,
आम्ही सगळे एकदाच भेटलो तेव्हाचा.
त्यातून मी फ्लावियाला कापलं.
केस गेले, ओढणी गेली,
माझ्या खांद्यावरचा तिचा हात काही निघेना.
चार बोटं. तशीच पाठवली.
कुणाच्या लक्षात आलं नाही.

रात्री साडेअकराला सरांचा मेसेज:
"सुंदर, मॅल. एकदम खरं वाटतंय."

आमच्याकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात.
येतो, खरं उशीर होईल.
करतो, खरं जमायचं नाही.
दीड वर्षात त्या लोकांसमोर
माझ्या तोंडातून एकदाही खरं निघालं नाही.

आज बाराच्या सुमाराला करंट गेलं.
वडगावातले सगळे माग एका दमात थांबले.
इतकं शांत की माझे कान दुखले.
कल्लव्वा पलीकडून ओरडली, "करंट होतेनव्वा?"
आप्पा म्हणाले, "हूं, होतु."
माऊस चौकटीवर मुकाट.
तीन मिनिटं. चार.
पिवळा.

फोन थरथरला. "मॅल, आहेस कुठे?"
मी टाईप केलं: इथंच आहे सर, खरं
आणि पुढचं जुळवत बसलो.
बोट लागलं. तेवढंच गेलं.

सर काहीतरी लिहीत होते,
तीन टिंबं वर-खाली, वर-खाली.
आतल्या अंधारातून आप्पांनी हाक मारली,
"बॅटरी धर गं जरा, धागा तुटलाय."

मी गेलो.